मामाच्या स्टुडिओतला तटस्थ चेहरा

माझा मामा फोटो काढताना गिऱ्हाइकाला हात लावत नाही. कॉलर वाकडी असेल तर तो स्वतःची कॉलर सरळ करतो, आणि समोर स्टुलावर बसलेला माणूस, आपण काय करतोय हे न कळता, आपली कॉलर सरळ करतो. मान झुकली असेल तर मामा स्वतःची मान उचलतो आणि समोरची उचलली जाते. खांदे पडलेले असले तर मामा एक मोठा श्वास घेतो, समोरचा फुगतो. 'हनुवटी वर, डावा खांदा खाली, अहो डावा म्हटलं' असली कवायत त्याच्याकडे नाही. सगळं मनासारखं झालं की तो नुसतं 'हं' म्हणतो आणि बटण दाबतो.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. अंगाने बारीक, केस उरलेत तेवढे बाजूला वळवलेले. चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं आता हा काहीतरी गंमत सांगणार. बऱ्याचदा तो काहीच सांगत नाही. चेहराच तसा आहे.

त्याचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काउंटर, काचेचं कपाट आणि मामीचा कॉम्प्युटर. आतल्या खोलीत करडा पडदा, दिव्यांच्या दोन पांढऱ्या छत्र्या, एक गोल स्टूल, दोरीला बांधलेला कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट. कोट गिऱ्हाइकांसाठी. कितीतरी जणांनी नोकरीच्या अर्जात तोच घातलाय. जाड्या माणसांना तो पुढून बसेना म्हणून मामीने त्याची पाठ उसवून तिथे नाडी लावली आहे. फोटोत पाठ कुठे दिसते!

मी दोन गल्ल्या सोडून राहते. दुपारची भांडी आवरली की मी तिकडे जाते, चहा पिते, मामीला फोटो कापून पाकिटात घालायला मदत करते. मामी पाकिटं चिकटवते, लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरून देते, आणि आतून 'हं' ऐकू आला की पुढच्या माणसाला हाक मारते.

लग्नाच्या फोटोत मामी गणिताचा पेपर अवघड गेल्यासारखी उभी आहे. आता मात्र दोघं शेजारी उभी राहिली की नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "तुम्ही बहीणभाऊ का हो?"

"छे," मामा म्हणतो, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. वाण नाही पण गुण लागला."

"यातला बैल मी नाही," मामी मान वर न करता म्हणते.

"अगं, दोन्ही बैलच आहेत त्या म्हणीत."

"तेच म्हणतेय. दोन्ही तुम्हीच व्हा."

हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलंय की आता मलाही पाठ झालंय, आणि तरी दर वेळी दोघं एकाच वेळी, एकाच बाजूने हसतात. उजवा गाल आधी वर जातो, मग डावा.

पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो पूर्वी कागदावर जायचे. कचेरीतल्या खिडकीतला माणूस फोटो बघायचा, माणूस बघायचा, आणि मला वाटतं फोटो बघून स्वतःही जरासा हसून शिक्का मारायचा. मग एके दिवशी खिडकी गेली. फोटो कॉम्प्युटरवरून पाठवायचा आणि पलीकडचा कॉम्प्युटरच तो तपासणार. पसंत पडला तर हिरवी पट्टी. नाही पडला तर लाल पट्टी, आणि तिच्यावर लिहिलेलं: 'चेहरा तटस्थ नाही. कृपया नवीन छायाचित्र जोडा.'

मामाचे फोटो धडाधड परत यायला लागले.

"तटस्थ म्हणजे काय गं?" मामाने मला विचारलं. मी भाषा घेऊन बी. ए. झाले आहे, म्हणून असले शब्द माझ्या वाट्याला येतात.

"तट म्हणजे काठ. काठावर उभा राहिलेला. ना या बाजूचा, ना त्या."

"मग झालंच की! माणूस माझ्यासमोर हातभर अंतरावर बसतो. तो काठावर कसा राहील? पाय भिजणारच."

तो गिऱ्हाइकांनाच दोष द्यायचा. "लोकांना हल्ली शांत बसताच येत नाही. मी सांगतो हसू नका, तरी हसतात." आणि हे तो असा हसतमुखाने सांगायचा की ऐकणारा मान डोलवत हसायचा. मामीला मात्र पुन्हा पुन्हा तेच फोटो पाठवावे लागत, आणि बाहेर बाकावर माणसं ताटकळत. दोन-तीन जण तर मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेले.

इथवर गंमतच होती. पण मग मामीचा स्वतःचा फोटो अडला.

त्यांची मुलगी, माझी मामेबहीण, तिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो, लग्न होऊन समुद्रापलीकडे गेलेली. तिला दिवस गेले होते. डॉक्टरांनी जास्त चालायफिरायचं नाही म्हणून सांगितलेलं, नवऱ्याला सुट्टी मिळणार ती जेमतेम आठवडाभर. मामी बाळंतपणाला जाणार हे ठरलेलंच होतं. तिने बॅगही काढून ठेवली होती. पण व्हिसाच्या अर्जात फोटो लागल्याशिवाय पुढची मुलाखतीची तारीख मिळत नव्हती, आणि तारखा भराभर भरत होत्या.

मामी स्टुलावर बसली. मामाने कॉलर सरळ केली, तिने पदर सरळ केला. मामाने मान उचलली, तिने उचलली. "हं." लाल पट्टी.

पुन्हा. लाल पट्टी.

"अगं, हसतेस काय?"

"मी कुठे हसतेय? तुम्हीच बघा फोटो."

फोटोत दात दिसत नव्हते, ओठ मिटलेले होते. पण उजवा गाल किंचित वर होता. माझ्या डोळ्यांना ती फक्त मामी दिसत होती. कॉम्प्युटरला ती हसताना दिसत होती.

त्या संध्याकाळी धाकटीचा फोन आला. तिकडे तेव्हा सकाळ असते. तिची नोकरी म्हणजे चेहरे वाचायला कॉम्प्युटरला शिकवणं. दोन माणसं बोलत असली की कोणाची भुवई कधी हलली, गाल कधी चढला, हे तिचा कॉम्प्युटर चित्र थांबवून थांबवून मोजतो. मामा या नोकरीला 'तोंडं बघत बसायची नोकरी' म्हणतो, आणि वर 'शेवटी बापाचाच धंदा' असंही म्हणतो.

"ताई," ती मला म्हणाली, "एक काम कर. एक मोबाइल आईवर लाव, एक बाबांवर. दोन्हीत सगळं रेकॉर्ड होऊ दे. मग दोन्ही मला पाठव."

"बाबांवर कशाला? फोटो आईचा आहे."

"लाव तर खरं."

मी लावले. एक मोबाइल छत्रीच्या दांड्याला चिंध्यांनी बांधला, दुसरा कंगव्याच्या खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी धाकटीने एक चित्र पाठवलं. त्यात दोन रेघा होत्या, निळी आणि लाल. निळी म्हणजे मामाचा गाल, लाल म्हणजे मामीचा. निळी जिथे डोंगरासारखी वर चढलेली, तिथे तिच्या पाठोपाठ, अगदी पापणी लवेल इतक्या अंतराने, लालही चढलेली. छोटा डोंगर, पण तसाच.

"बाबा," धाकटी फोनवर म्हणाली, "हसताय तुम्ही. आई तुमची री ओढतेय."

"मी हसत नाही! माझं तोंडच तसं आहे."

"नेहमीचं तोंड वेगळं मोजलंय मी. बटण दाबायच्या आधी तुम्ही दर वेळी हसता. 'हं' म्हणायच्या जस्ट आधी."

मामी काउंटरवर कोपर टेकून ऐकत होती.

"यात चूक कुणाचीच नाही हो," धाकटी म्हणाली. "सगळी माणसं करतात हे. समोरचा जांभई देतो, आपण देतो. बाळाला भरवताना आई स्वतःच आ करते. कोण मुद्दाम करतं? ज्यांचं एकमेकांशी जमतं ती माणसं जास्त करतात. तुम्ही कॉलर नीट करता आणि लोक करतात, ते हेच तर आहे. फक्त कॉलरबरोबर तुमचं हसूही जातं, हे तुम्हाला माहीत नव्हतं."

मामाने चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिलं. "म्हणजे माझ्या हसण्याला शेपूट आहे," तो म्हणाला, "आणि ते तुझ्या आईच्या तोंडावर हलतं."

"एका ठिकाणी मात्र उलटं आहे हं. इथे शेवटाला आई आधी हसलीय, तुम्ही मागून."

"बघ!" मामा मामीकडे वळला. "सुरुवात कोणी केली, बघ! शास्त्राने सांगितलं!"

"शास्त्राला सांगा, मुलगी आठ महिन्यांची पोटुशी आहे," मामी म्हणाली आणि आत निघून गेली.

कारण कळलं म्हणून गाल कुठे ऐकतो? मामाने मफलर तोंडाला गुंडाळून फोटो काढला. मफलरच्या वरून त्याचे डोळे हसत होते, आणि मामीचे डोळे त्यांना उत्तर देत होते. लाल पट्टी. मग त्याने मुद्दाम रागावल्याचं तोंड केलं. ते इतकं खोटं होतं की मामी खळखळून हसली. मग मामीने डोळ्यांसमोर भिंतीवरचा एक डाग धरून ठेवला. डाग मामाच्या कानाशेजारी होता. लाल पट्टी.

मी हळूच म्हटलं, "मामा, मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात काढून आणू या का? पाच मिनिटांचं काम."

मामाचा चेहरा त्या क्षणी खरोखरच तटस्थ झाला. तेव्हाच कॅमेरा हातात असता तर!

"लग्नापासून हिचा एकही फोटो दुसऱ्याने काढलेला नाही," तो म्हणाला.

"हो, आणि त्यातला एकही आज चालत नाही," मामी म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "अहो, काल रात्रभर तिचे पाय दुखत होते. पाणी द्यायला कोणी नव्हतं. नवरा कामावर. तिने सांगितलं नाही मला, मी तिच्या आवाजावरून ओळखलं. मी इथे बसून तुमच्यासमोर हसत राहू, आणि तिथे माझं लेकरू एकटं बाळंत होऊ दे? तुमच्या हट्टापायी मी पोचेन तेव्हा नातवंड दार उघडायला येईल."

मामीला मी इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मामा उभा राहिला, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"दुकानात नको," तो म्हणाला. "तू काढ. घरातलं माणूस आहेस. दिवे लावलेलेच आहेत. हे बटण. अर्धं दाबायचं, थांबायचं, मग पूर्ण."

तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले. मामीने पदर नीट केला, मान उचलली. मी बटण अर्धं दाबलं. तेवढ्यात बाहेर मामा खाकरला.

मामीचा उजवा गाल वर गेला.

"मामा!" मी ओरडले. "तू दुकानाबाहेर जा!"

"मी काय केलं? घसा आहे माझा!"

शेवटी मी त्याला एका गिऱ्हाइकाची मढवलेली तसबीर पोचवायला पाठवलं. ती उद्या द्यायची होती, आणि ते घर टेकडीच्या पलीकडे होतं. तो गेला. दाराची घंटा वाजायची थांबली. आत दिव्यांचा बारीक घूं आवाज तेवढा उरला. मी कॅमेऱ्यातून मामीकडे पाहिलं, मामीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात एकच होतं, आता तरी होऊ दे बाई. मी 'हं' म्हटलं नाही. नुसतं बटण दाबलं.

मामीने स्वतःच फोटो पाठवला. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. पट्टी हिरवी आली. मामीने माझा हात धरला आणि खूप वेळ सोडला नाही.

मामा घामाघूम होऊन परतला. फोटो बघितला. मग चष्मा काढून बघितला.

"ही तू आहेस," तो मला म्हणाला.

"मी?"

"कपाळावरची ही आठी तुझी. ओठ असे आत घेतेस ते तू. बसलीये ती, पण चेहरा तुझा आहे." मग तो मामीला म्हणाला, "जाऊ दे. तुला आत सोडतील ना, झालं. तिथे पोचलीस की स्वतःचा लावून घे."

मामी वेळेत पोचली. धाकटीला मुलगी झाली, तेव्हा मामी बाहेरच्या बाकावर नव्हती, आत तिचा हात धरून होती. मामाला फोनवर बाळ दाखवलं. त्याने फोनच्या पडद्याला नाक लावलं आणि जीभ बाहेर काढली. बाळाने काही केलं नाही. "शिकेल," मामा म्हणाला.

मामीच्या जागी मी बसायला लागले. दुपारी आवरून जायचं, अर्ज भरायचे, फोटो पाठवायचे. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की लाल पट्टी दिसतच नाहीये. हिरवी, हिरवी, हिरवी. मोठ्या रस्त्यावर गेलेले लोक परत आले, येताना शेजाऱ्यांना घेऊन आले. "तुमच्याकडचा फोटो एका फटक्यात पास होतो म्हणे."

मामा खूश होता, निदान तोंडाने तसं म्हणत होता. "जमलं बघ मला. धाकटीला कळव. म्हणावं, बापाने गाल आवरला."

मी आतल्या खोलीच्या दारातून पाहायची. तो कॉलर सरळ करायचा, लोक करायचे. तो मान उचलायचा, लोक उचलायचे. सगळं तसंच. फक्त 'हं'च्या आधी त्याच्या चेहऱ्यावर काही यायचं नाही. तो काही आवरत नव्हता. आवरायला तिथे काही नव्हतंच. समोर बसलेली तरुण पोरं, नवी नोकरी लागलेल्या बायका, पहिल्यांदा विमानात बसणारे म्हातारे, सगळे त्याच्यासमोर येऊन क्षणभर त्याच्यासारखे व्हायचे, आणि पलीकडचा कॉम्प्युटर त्यांना तटस्थ म्हणून पसंत करायचा.

दुपारी मी नेलेला जेवणाचा डबा तो अर्धा ठेवायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "तुझ्या हाताला मीठ जास्त." माझ्या हाताला मीठ कमी असतं, घरात सगळ्यांची तीच तक्रार आहे. धाकटीला मात्र कळवलं, बाबांचे सगळे फोटो पास होताहेत. तिच्याकडून नेहमीसारखं हसण्याचं चिन्ह आलं नाही. थोड्या वेळाने एवढंच आलं, 'सगळे?'

'सगळे,' मी लिहिलं.

मामीचं राहणं लांबलं. बाळाला कावीळ झाली, ती उतरली, मग जावयाची पाळी बदलली. "अजून थोडे दिवस," मामी म्हणायची. "रहा की, इथे माझं काय अडलंय," मामा म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर कंगव्याची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधायचा.

त्या दिवशी पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेणारे गृहस्थ फोटो काढायला आले. आमच्या भागातला सगळ्यात गंभीर माणूस. वीस वर्षं आमच्या दारात येतात, पण हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही. लोकांच्या गळक्या नळांचं ओझं एकट्याने वाहत असल्यासारखे चालतात. काळा कोट घालून ते आत गेले. 'हं' ऐकू आला. मी फोटो पाठवला.

लाल पट्टी.

मला वाटलं माझीच काहीतरी चूक. पुन्हा पाठवला. लाल. फोटो मोठा करून पाहिला, तर मीटरवाल्यांचा उजवा गाल वर होता.

"मामा," मी आत जाऊन म्हटलं, "काय झालंय?"

"कुठे काय?"

"परत आला फोटो. यांचा!"

"असेल. लोकांना हल्ली शांत बसता येत नाही." तो छत्रीचा दिवा पुसत होता, पाठ माझ्याकडे. कान लाल झाले होते.

"मामा."

"तिकीट काढलं तिने," तो दिव्याला म्हणाला. "पुढच्या रविवारचं. आत्ताच कळवलंय. बाळ, बाळाची आई, सगळ्यांनाच घेऊन येतेय."

मीटरवाले स्टुलावरून म्हणाले, "पण ताई, मी हसलोच नव्हतो हो."

"ठाऊक आहे मला, काका. तुमचा काही दोष नाही, मामाचं हसू तुम्हाला लागलंय. थांबा, मी काढते."

मामाच्या गळ्यातून कॅमेरा घेतला, त्याला दुकानाबाहेर पाठवला, पार रस्त्यापलीकडे. कॅमेऱ्यामागे उभी राहिले. कपाळाला आठी घातली, ओठ आत घेतले. मीटरवाल्यांनीही घेतले. बटण दाबलं, कॉम्प्युटरशी आले, फोटो पाठवला.

लाल पट्टी.

मीटरवाले माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी पट्टी वाचली, काचेतून रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्याकडे आज कुणी दुःखी माणूस मिळेल का हो?"